लघवी निसटते, घाई आवरत नाही, कळतच नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेकदा दुसऱ्याच्या नावाने येतात. "माझ्या एका मैत्रिणीला", "शेजारच्या काकांना". नाव कुणाचंही असो, उत्तर मिळायला हवं म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. मात्र त्रास अचानक सुरू झाला असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा लघवी अजिबात होत नसेल, तर आधी प्रश्न २२ वाचा.

१. खोकताना, शिंकताना, जोरात हसताना थोडी लघवी निसटते. वय झालं की हे चालायचंच ना?

वयाबरोबर हा त्रास जास्त जणींना होतो हे खरं, पण तो सोसत बसायचं कारण नाही. नुकत्याच बाळंत झालेल्या पंचविशीतल्या मुलीलाही होतो, आणि सत्तरीतल्या आजींनाही उपचारांनी चांगला फरक पडतो. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्यावर टेकलेले असतात. बाळंतपण, वर्षानुवर्षं उचललेले हंडे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन, पाळी गेल्यानंतर कमी झालेलं इस्ट्रोजेन यांनी हा थर सैल पडतो. मग पोटात दाब वाढला की लघवीचं तोंड घट्ट मिटून राहत नाही. "आता वय झालं" या एका वाक्यापायी बायका दहा-दहा वर्षं हे अंगावर काढतात, याचं फार वाईट वाटतं.

२. माझा त्रास कोणत्या प्रकारचा आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

लघवी केव्हा निसटते ते पाहा. खोकला, शिंक, वजन उचलणं, उडी मारणं यांच्या क्षणीच निसटत असेल तर तो दाबाचा प्रकार. एकदम जोराची कळ येऊन बाथरूम गाठायच्या आत होत असेल तर तो घाईचा. पन्नाशीनंतर पुष्कळ जणींना दोन्ही एकत्र असतात. मूत्राशय पूर्ण रिकामंच होत नाही आणि भरून वाहिल्यासारखे थेंब पडत राहतात, हा तिसरा. तो प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेल्या पुरुषांत आणि जुन्या मधुमेहींत दिसतो. चौथ्या प्रकारात मूत्राशय ठीक असतं, पण गुडघे उठू देत नाहीत, नाडीची गाठ सुटत नाही किंवा संडास अंगणापलीकडे असतो.

तीन दिवस वहीत नोंद ठेवा: किती वाजता काय आणि किती प्यायलं, किती वाजता लघवीला गेलात, मापाच्या जुन्या भांड्यात मोजली तर किती मिली झाली, कधी निसटली आणि त्या वेळी काय करत होतात. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावते, आणि दिवसभरात सात-आठ वेळा जाणं नेहमीचंच. दर तासाला ऐंशी-शंभर मिली होत असेल तर ते वहीवरून लगेच कळतं.

३. दाखवायचं कुणाला? आणि तपासणीत काय करतात? मला फार संकोच वाटतो.

बायकांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि पुरुषांनी युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञांकडे जावं. मोठ्या शहरांत युरोगायनॅकॉलॉजिस्ट (बायकांच्या लघवीच्या त्रासाचे तज्ज्ञ) आणि ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणारे फिजिओथेरपिस्टही मिळतात. गावात असाल तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी. पहिल्या भेटीत सहसा बोलणं, पोट आणि खालची तपासणी, भरल्या मूत्राशयाने खोकायला सांगणं, लघवी आणि साखरेची तपासणी, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरली ते पाहणारी सोनोग्राफी एवढंच असतं. मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक नावाची मोठी तपासणी सगळ्यांना लागत नाही. ती प्रामुख्याने ऑपरेशनचा विचार असेल किंवा नेमका प्रकार कळत नसेल तेव्हा करतात. संकोच होत असेल तर वहीतली नोंद डॉक्टरांसमोर ठेवा. बोलण्याचं अर्धं काम तीच करते. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं आधीच सांगा, त्यात काही गैर नाही.

४. पाणी कमी प्यायलं की त्रास कमी होतो. मग तसंच केलं तर?

नका करू. लघवी गडद आणि तीव्र झाली की मूत्राशयाला टोचते, कळ वाढते, उन्हाळी लागते. शिवाय पोट साफ होत नाही आणि कुंथण्याने तळाचे स्नायू आणखी सैल पडतात. साधारण दीड ते दोन लिटर पाणी दिवसभरात विभागून प्या, उन्हाळ्यात किंवा शेतात काम असेल तर त्याहून जास्त. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळा.

कमी करायचाच असेल तर चहा करा. दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर ते दोनवर आणून दोन आठवडे फरक पाहा. आणि हे फक्त सवयीचं प्रकरण नाही. शाळेत, बाजारात, शेतात, एसटी स्टँडवर स्वच्छ संडास नसतो म्हणून हजारो बायका घरातून निघताना पाणीच पीत नाहीत. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम याच कारणाने उभी राहिली. त्या मागणीकडे आरोग्याचा प्रश्न म्हणूनच पाहायला हवं.

५. केगल व्यायाम म्हणजे नेमकं काय आकसायचं?

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, म्हणून ते नाव. आपल्याकडे मूलबंध आणि अश्विनी मुद्रा शिकलेल्यांना ही क्रिया ओळखीची वाटेल. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे आत ओढतो आणि लघवी रोखायला जे आवळतो, ते दोन्ही एकत्र वर आणि आत ओढायचं. पुरुषांनी लिंगाचं मूळ आत घेतल्यासारखं करायचं. पोट, मांड्या, नितंब सैल राहिले पाहिजेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे.

सुरुवात आडवं पडून करा. आवळा, तीन ते पाच सेकंद धरा, मग तितकाच वेळ पूर्ण सोडा. सोडणंही व्यायामच आहे. एका वेळी किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं धरण्याचा काळ दहा सेकंदांपर्यंत न्या. त्यानंतर काही वेळा झटपट आवळून सोडा. सर्वात उपयोगाची युक्ती अशी की शिंक येतेय असं वाटलं किंवा बादली उचलायची असली की त्याच्या क्षणभर आधी आवळायचं आणि काम होईपर्यंत धरायचं. लघवी करता करता धार अडवून रोज सराव करू नका. स्नायू ओळखायला एखादी वेळ ठीक, पण रोज केल्यास मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागते.

६. व्यायाम करतेय, पण काहीच फरक नाही.

किमान तीन महिने नियमित केल्याशिवाय निकाल ठरवू नका. तीन महिने झाले असतील तर बहुधा चुकीचं काही आवळलं जातंय. पुष्कळ जणी आत ओढण्याऐवजी खाली जोर देतात, म्हणजे कुंथतात, आणि त्याने त्रास वाढतो. फिजिओथेरपिस्टकडे एकदा तपासून घ्या. काहींचे स्नायू सैल नसून उलट सतत आवळलेले असतात. संबंधांच्या वेळी दुखणं, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं ही त्याची खूण. त्यांना आधी स्नायू सैल सोडायला शिकावं लागतं.

वजन जास्त असेल तर तेही धरा. जाड असलेल्या स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ८ टक्के वजन उतरल्यावर लघवी निसटण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी झाले. ८० किलोच्या बाईसाठी हे सहा-साडेसहा किलो होतात.

७. घराच्या दारात किल्ली घातली की कळ येते आणि आवरत नाही. काय करू?

पळू नका. धावण्याने पोटातला दाब वाढतो आणि मेंदूचं सगळं लक्ष तिथेच जातं. जागच्या जागी थांबा, शक्य असेल तर बसा. तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा. शंभरापासून उलटे आकडे मोजा किंवा पाढा म्हणा. कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ओसरली की सावकाश चालत जा.

याच्या जोडीला मूत्राशयाला सवय लावायची. वहीवरून पाहा: सध्या दर तासाला जात असाल तर ठरवून सव्वा तासाने जा. ते आठवडाभर जमलं की दीड तास, असं करत तीन तासांपर्यंत. याला किमान सहा आठवडे द्या. "बाहेर पडायच्या आधी उगाच जाऊन येते" ही सवयही हळूहळू सोडा, कारण त्याने मूत्राशयाला थोडं भरलं तरी रिकामं व्हायची सवय लागते. मात्र हे शिक्षण प्रश्न २ मधल्या घाईच्या प्रकारासाठी आहे. ज्यांच्या मूत्राशयात लघवी उरते त्यांनी हे करू नये (प्रश्न २६).

८. यावर गोळ्या मिळतात का? कायम घ्याव्या लागतात?

घाईच्या प्रकारावर मिळतात. सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन ही एक जात. त्यांनी तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. वयस्कर माणसांत, विशेषतः ऑक्सिब्युटिनिनने, गोंधळ आणि विसराळूपणा वाढू शकतो. काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या चालत नाहीत, म्हणून डोळ्यांचा आजार असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉन ही वेगळ्या प्रकारची गोळी. तिने तोंड फारसं कोरडं पडत नाही, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. फरक कळायला चार ते आठ आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडू नका. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेनची क्रीम घाई आणि जळजळ दोन्हीला मदत करते.

गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. परिणाम काही महिने टिकतो, पुन्हा द्यावी लागतात, आणि काही जणांना त्यानंतर काही काळ स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. ते शिकायची तयारी आहे का हे आधी ठरवा.

९. बाळंतपणाला दोन महिने झाले, अजून लघवी निसटते. सिझेरियन केलं असतं तर झालं नसतं का?

पहिल्या काही महिन्यांत बहुतेकींचं बरंच सुधारतं. तीन महिन्यांनंतरही होत असेल तर दाखवा. सिझेरियनने धोका कमी होतो, संपत नाही. नऊ महिन्यांचं ओझंही त्याच स्नायूंनी पेललेलं असतं. साधी प्रसूती असेल तर हलकं आवळणं आणि सोडणं पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं. पोटाला घट्ट पट्टा बांधून वर्षभराचे व्यायाम भरून निघत नाहीत. फार करकचून बांधला तर दाब खालीच जातो. सव्वा महिना झाला म्हणून लगेच कळशी उचलायला लावू नका, हे सासू-आईंना कळकळीने सांगणं आहे.

१०. अंग बाहेर येतं आणि लघवीही निसटते. पिशवी काढली की दोन्ही थांबेल का?

लघवी निसटणं हे गर्भाशय काढण्याचं कारण नाही. पिशवी काढल्याने ते थांबेल अशी खात्री कुणी देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. उलट पिशवी काढल्यानंतर पुढच्या वर्षांत हा त्रास वाढलेलाही दिसतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यात गदारोळ झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं अशा तक्रारींसाठीही तरुण बायकांची पिशवी काढली जात होती. ते दुखणं त्या बायका आजही सोसत आहेत.

अंग खरोखर बाहेर येत असेल तर त्यावर रिंग पेसरी आहे. सिलिकॉनची कडी योनीमार्गात बसवतात, ती मधूनमधून काढून धुवावी लागते. ऑपरेशन हवंच असेल तर पिशवी न काढताही आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया आहेत. एक अपवाद लक्षात ठेवा: अंग बाहेर आल्यामुळे कधी लघवीची नळी मुरडलेली असते आणि त्यामुळेच निसटणं थांबलेलं असतं. अंग जागेवर बसवल्यावर लपलेली गळती सुरू होते. ऑपरेशनच्या आधी याची तपासणी मागा.

११. खोकताना निसटण्यावर जाळीची पट्टी बसवतात म्हणे. परदेशात तिच्यावर बंदी आहे ना?

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लघवीच्या नळीखाली अरुंद पट्टी बसवण्याची पद्धत १९९० च्या दशकात आली आणि तिने अनेक जणींना आराम पडला. अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून मोठी जाळी बसवणं ही निराळी शस्त्रक्रिया. तिची विक्री थांबवायला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं. ब्रिटनने २०१८ मध्ये योनीमार्गातून बसवायच्या जाळ्यांचा वापर थांबवला आणि त्यात लघवीच्या पट्ट्याही आल्या. कारण काहींना कायमचं दुखणं, जाळी बाहेर डोकावणं असे गंभीर त्रास झाले होते. पर्याय आहेत: स्वतःच्याच शरीरातला पट्टा वापरून केलेला आधार, किंवा टाके घालून मूत्राशयाची मान वर उचलणं. डॉक्टरांना विचारा: तुम्ही अशी किती करता, त्रास झाला तर जाळी कोण काढतं, आणि मी अजून मूल होऊ देणार असेन तर थांबावं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा "थांबा" असंच असतं.

१२. वडिलांना प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून लघवी आवरत नाही. बरं होईल का?

साध्या वाढीसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर सुरुवातीची घाई आणि निसटणं बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. कर्करोगासाठी पूर्ण प्रोस्टेट काढलं असेल तर सुधारणा वर्षभर होत राहते, आणि प्रश्न ५ मधले व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून केले तर चांगलं. वर्षानंतरही पॅड भिजत असतील तर पुरुषांसाठी पट्टी आणि कृत्रिम झडप असे उपाय आहेत.

लघवी करून झाल्यावर पँटमध्ये चार थेंब पडणं वेगळं. त्यावर सोपा उपाय आहे: लघवी झाल्यावर अंडकोशाच्या मागे बोटांनी हलका दाब देत पुढे सरकवा, नळीत अडकलेली लघवी बाहेर येते.

१३. रात्री चार वेळा उठावं लागतं.

दिवसा पायांवर सूज असेल तर तेच पाणी आडवं पडल्यावर मूत्रपिंडांकडे येतं. दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवा. पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी रात्री घेत असाल तर वेळ बदलता येईल का विचारा. झोपेच्या दोन-तीन तास आधीपासून चहा आणि पाणी कमी. मोठ्याने घोरत असाल आणि सकाळी थकलेलं वाटत असेल तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करा, त्यानेही रात्री लघवी वाढते. वाटेत दिवा लावून ठेवा. रात्रीच्या घाईत पडून खुबा मोडलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत.

१४. पाळीचं सॅनिटरी पॅड वापरलं तर चालतं का? डायपर कसं निवडायचं?

तात्पुरतं चालतं, पण लघवी पाळीच्या रक्तापेक्षा पातळ आणि एकदम येते, पॅड ती पटकन शोषत नाही आणि त्वचा ओली राहते. थोडी निसटत असेल तर लघवीसाठीचे वेगळे पॅड घ्या. चालतंफिरतं माणूस असेल तर चड्डीसारखं वर ओढायचं डायपर, अंथरुणात असेल तर बाजूने टेप लावायचं. माप कंबरेचं आणि नितंबांचं घ्या. मोठं डायपर जास्त शोषतं असं नसतं, मांडीजवळून गळतं मात्र.

रोज चार लागली तर महिन्याला १२० होतात, आणि ते बजेट अनेक घरांना झेपत नाही. मग घरात माणूस जागं असताना जुन्या मऊ सुती साडीच्या घड्या आणि मेणकापड, आणि डायपर फक्त रात्री किंवा बाहेर जाताना, असं करा. मेणकापडावर नेहमी सुती चादर हवी. पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर (लिंगावर कंडोमसारखं चढवून लघवी नळीने पिशवीत नेणारं साधन) हाही पर्याय आहे, रोज बदलून त्वचा तपासायची.

जो माणूस उठून जाऊ शकतो त्याला केवळ आपल्या सोयीसाठी डायपर लावू नका. काही आठवड्यांत तो उठायचंच सोडतो.

१५. जांघेत लाल होऊन सोलपटलंय. पावडर लावू का?

नको. पावडर ओलीत गोळा होते आणि घासते. डेटॉलच्या पाण्यानेही पुसू नका. कोमट पाण्याने, साबण फारच सौम्य, न चोळता टिपून कोरडं करा, थोडा वेळ हवा लागू द्या आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. जाड थराने डायपर शोषत नाही. कडेला बारीक लाल ठिपके असतील तर बुरशी असू शकते, ती औषधाने जाते. लालसरपणा माकडहाडावर, खुब्यावर, म्हणजे हाडाच्या जागी असेल आणि बोटाने दाबूनही पांढरा होत नसेल, तर ते शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) सुरू होतंय. दर दोन तासांनी कूस बदला आणि लगेच दाखवा.

१६. वापरलेली डायपर ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या?

दोन्हीत नाही. घनकचऱ्याच्या नियमांत डायपर हा सॅनिटरी कचरा धरला आहे, तो वेगळा गुंडाळून द्यायचा. विष्ठा आधी संडासात टाका, डायपर गुंडाळा, वर्तमानपत्रात बांधा आणि त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांनीच ही लाल ठिपक्याची मागणी केली होती. हाताने कचरा वेगळा करणारी बाई त्यामुळे पुडा उघडत नाही.

१७. आईच्या अंथरुणाला वास येतो, पण ती कबूलच करत नाही. कसं बोलू?

चारचौघांत, सुनेसमोर, नातवंडांसमोर नाही. एकटीला, शांत वेळी. "तुला लघवी होते" असं न म्हणता "रात्री उठताना त्रास होतो का गं? मीही डॉक्टरांकडे चाललेय, तूही चल" असं म्हणा. लपवलेले कपडे सापडले तर न बोलता धुवा. रागावलात तर ती पुढच्या वेळी पाणी पिणं सोडेल. सांभाळणाऱ्या मावशींनाही हीच भाषा वापरायला सांगा, आणि त्यांना हातमोजे द्या.

१८. सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे. ते कपाटात, कुंडीत लघवी करतात.

ते मुद्दाम करत नाहीत. संडास कुठे ते सापडत नाही, किंवा कळ ओळखता येत नाही. दर दोन तासांनी, जेवणानंतर आणि झोपण्याआधी "चला, जाऊन येऊ" म्हणून सोबत न्या. "जायचंय का?" विचारलं तर उत्तर "नाही" येतं. संडासाचं दार उघडं ठेवा, रात्री आतला दिवा चालू ठेवा, दारावर मोठं चित्र लावा. नाडीऐवजी इलॅस्टिक, धोतराऐवजी लुंगी. अंथरुणाजवळ कमोडची खुर्ची किंवा भांडं ठेवा. चुळबुळ, पायजमा ओढणं, घरभर फेऱ्या ही त्यांची भाषा आहे, ती आठवड्याभरात तुम्हाला समजू लागते.

१९. सोयीसाठी कायमचा कॅथेटर (मूत्राशयात घातलेली नळी) ठेवला तर?

शक्य तोवर नको. कायम राहिलेल्या नळीभोवती महिन्याभरात जंतू जमतातच, खडे होतात, नळी तुंबते. शय्याव्रणात लघवी जात असेल, किंवा लघवी होतच नसेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर ठेवावा लागतो. तेव्हा पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकलेली; दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी; नळी मांडीला चिकटवलेली. हाताला जमत असेल तर दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून काढणं कितीतरी बरं. नळीच्या बाजूने गळत असेल तर जाड नळी घालायचा आग्रह धरू नका, आधी बद्धकोष्ठता आणि तुंबलेली नळी तपासा.

२०. पूजेला बसता येत नाही, वारीला जाता येत नाही. काय करावं?

वारीत चालणाऱ्यांनी पुढचा मुक्काम आणि फिरती शौचालयं यांची माहिती दिंडीतल्या स्वयंसेवकांकडून आधी घ्यावी, गडद रंगाचा परकर किंवा पायजमा, बदलायचे पॅड आणि ओलं ठेवायला झिपची पिशवी जवळ ठेवावी. एसटीत पुढच्या दाराजवळची जागा मागावी. पूजेला बसण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: आजाराने विटाळ होत नाही. पॅड बदलून, हात-पाय धुऊन बसावं.

२१. खर्चाला सरकारी मदत किंवा विमा मिळतो का?

आरोग्य विम्यात डायपर सहसा न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतात. वापराच्या वस्तूंसाठी वेगळी जोड घेतली असेल तरच पाहा. ऑपरेशनसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि तुमची शस्त्रक्रिया यादीत आहे का, ते भरती होण्याआधी विचारा. ज्येष्ठांसाठी जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली वेगळी ओपीडी चालते.

२२. त्याच दिवशी दवाखान्यात जावं असं कधी?

लघवी अजिबात होत नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय. कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडतायत, किंवा मांड्यांच्या आत आणि गुदाशेजारी बधिर झालंय: हे मणक्यातल्या नसा दबल्याचं लक्षण असू शकतं, इथे काही तास उशीर झाला तरी नुकसान कायमचं राहतं. थंडी वाजून ताप. म्हाताऱ्या माणसात अचानक असंबद्ध बोलणं आणि लघवी कपड्यात होणं. लघवीत रक्त दिसलं, एकदाच आणि न दुखता दिसलं तरी, त्या आठवड्यात तपासणी हवी.

२३. कळही येत नाही, खोकलाही नाही, दिवसरात्र ओलंच असतं. हे कोणत्या प्रकारात येतं?

प्रश्न २ मधल्या एकातही नाही. प्रसूती खूप वेळ अडली होती, सिझेरियन झालं, किंवा पिशवी काढली, आणि त्यानंतर काही दिवसांत योनीतून सतत पाणी वाहू लागलं, तर मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यात भोक पडलेलं असू शकतं. याला फिस्टुला म्हणतात. मूत्राशयात निळं द्रावण सोडून तपासतात. लवकर लक्षात आलं आणि भोक लहान असलं तर काही आठवडे कॅथेटर ठेवून ते भरूनही येतं, नाहीतर ऑपरेशनने दुरुस्त करतात. केगल व्यायामांनी हे बरं होत नाही. अशा बाईला घरात वेगळं बसवू नका, अनुभवी शल्यचिकित्सकाकडे न्या.

२४. दुसऱ्या आजाराच्या गोळीने हे होऊ शकतं का?

होतं, आणि फार वेळा नजरेतून सुटतं. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी साखर लघवीतून जाते, लघवी वाढते आणि बुरशीची खाजही होते. रक्तदाबाच्या प्राझोसिनने स्त्रियांची लघवी निसटू शकते. काही रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोरडा खोकला होतो आणि खोकल्याने निसटतं. झोपेच्या गोळ्यांनी कळ आली तरी जाग येत नाही. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. सगळ्या पाकिटांची पिशवी घेऊन डॉक्टरांसमोर ओता.

२५. आजीच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू आलेत, पण तिला काहीच होत नाही. अँटिबायोटिक द्यावं का?

आग, ताप, नव्याने वाढलेली घाई, ओटीपोटात दुखणं यांपैकी काही नसेल तर बहुधा नाही. वयस्कर स्त्रियांच्या आणि कॅथेटर असलेल्यांच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचं आहे. दरवेळी औषध दिलं की पुढे खऱ्या संसर्गाला ते लागू पडत नाही. जुनी गळती जंतूंमुळेच असेल असंही धरू नका.

२६. बाबांची लघवी तुंबतेही आणि निसटतेही. मग उपचार कशावर?

आधी सोनोग्राफीत लघवीनंतर किती उरते ते पाहा. दोनशे मिलीहून जास्त उरत असेल तर घाईच्या गोळ्या (प्रश्न ८) सुरू करू नका, त्यांनी लघवी पूर्ण अडू शकते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर अंथरुणातून सावकाश उठायला सांगा, चक्कर येते. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसाच मंदावतात, कळ येतच नाही. त्यांनी घड्याळ लावून दर तीन तासांनी जावं, लघवी झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही उरत असेल तर नळीचा विचार (प्रश्न १९) आणि युरोलॉजिस्टची भेट त्याच आठवड्यात.